इंद्री राणीच्या बागेत का आणत नाहीत?

मादागास्करचे फोटो दाखवून झाले की हा प्रश्न ठरलेला. विचारणारा बहुधा शाळकरी, आणि युक्तिवाद बिनतोड: २०१६ साली भायखळ्याला पेंग्विन आले, मग इंद्री का नाही?

(इंद्री म्हणजे मादागास्करच्या झाडांवर राहणारा लेमूर, माकडाचा लांबचा भाऊबंद. नावाचा इंद्राशी काही संबंध नाही. तिथले लोक त्याला बाबाकुतु म्हणतात.)

अडतं ते जेवणाशी. पेंग्विनांना गार खोली आणि मासळी दिली की निभतं. इंद्रीचे चोचले निराळे. अंदासिबेच्या पावसाळी जंगलात एका झाडाखाली मी मान अवघडेपर्यंत उभा होतो. वर मादी. काळीपांढरी, सात-आठ किलोची, शेपूट म्हणून नुसतं थोटूक. तिने फांदी ओढून तोंडाशी आणली, दोन कोवळी पानं दातांनी खुडली आणि उरलेली फांदी सोडून दिली. दुसरी फांदी नुसती हुंगली. नर बापडा खालच्या फांदीवर. इंद्रींच्या घरात पानावर आधी बसते ती बायको!

पानं एका झाडाची नाहीत, कितीतरी जातींची. शिवाय बिया, फुलं, फळं, तीही मोसमाप्रमाणे. मधूनच प्राणी जमिनीवर उतरतो आणि चक्क माती खातो. पानाबियांतलं विष त्याने उतरत असावं, असा अभ्यासकांचा कयास आहे. हे ताट पिंजऱ्यात मांडणार कोण? प्राणिसंग्रहालयात इंद्री टिकवणं आजवर कुणाला साधलेलं नाही. म्हणजे तो असणार तो पूर्व मादागास्करच्या जंगलातच, आणि ते जंगल भातासाठी तोडून-जाळून कमी होत चाललंय. ‘तावी’ म्हणतात तिकडे. आपल्या कोकणातल्या कुमरीची बहीण. इंद्री पुन्हा वाढतील म्हणावं, तर मादीला दोन-तीन वर्षांतून एकच पिल्लू.

आणि जागा? हा गडी एका बुंध्यावरून दुसऱ्यावर उभ्याउभ्या दहा मीटर झेपावतो. पिंजरा बांधून बघा.

एवढं सांगूनही मुलांचं समाधान होत नाही, तेव्हा मी मोबाइलवर त्यांचं गाणं लावतो. सकाळी अख्खं कुटुंब मिळून गातं, आधी खरखरीत डरकाळी, मग वरून खाली घसरत येणारे लांब सूर. जंगलात ते दोनेक किलोमीटरवर सहज पोचतात. आमच्या सोसायटीत तिसऱ्या सुराला खालची कुत्री सुरू होतात.