४०२ वजा १६७

शनिवार, रात्री साडेदहा

ओवी झोपली. ह्यांची सेकंड शिफ्ट आहे, यायला बारा वाजतील. तोवर लिहून काढते.

आज शाळेत ओपन हाऊस होतं, म्हणजे पालकांनी टीचरना भेटायचा दिवस. गेले तीन आठवडे तिसरी 'ब'च्या पालकांच्या ग्रुपवर दुसरा विषयच नाही: नवीन टीचर. वय तेवीस, पहिलीच नोकरी, वर्ग आवरत नाही, आवाज सदा बसलेला. जुन्या टीचर नवऱ्याची बदली झाली म्हणून जूनमध्ये सोडून गेल्या आणि चार दिवसांत शाळेने हिला उभं केलं. एका बाबांनी लिहिलं, "वर्षाला सव्वा लाख भरतो ते काय हिला शिकवायला?" त्याला चौदा अंगठे आले. त्यातला एक माझा.

मग टीचर बदलून द्या म्हणून प्रिन्सिपॉलना पत्र तयार झालं. त्यावर माझी सही एकोणिसावी. सही करण्याला कारण होतं. ओवीच्या वहीत ४०२ वजा १६७ बरोबर २४५ असं होतं आणि त्यावर लाल पेनाची टिक, वर एक चांदणी. उत्तर २३५ हवं. दशकाच्या घरात शून्य असताना शतकाकडून एक घेतला की त्या घरात दहा येतात, त्यातला एक एककाला दिला की नऊ उरतात. ओवीने दहाच ठेवले होते. मी समजवायला गेले तर म्हणते, "टीचरने स्टार दिलाय, तुझं चूक आहे." तेव्हा तर डोकंच फिरलं.

ती वही पिशवीत टाकूनच आज गेले. छत्र्यांचं पाणी सगळ्या पॅसेजमध्ये, बाकड्यांवर पालक दाटीवाटीने. टीचरच्या टेबलावर वह्यांचे दोन ढीग, त्यामागे न उघडलेला डबा. साडेबारा वाजले होते. मी वही उघडून पुढे सरकवली, बोलले काहीच नाही. तिने आकडे पाहिले आणि कानापर्यंत लाल झाली. "सॉरी मॅडम, माझ्याकडून सुटलं. त्या दिवशी प्रॉक्सीला, म्हणजे दुसऱ्या टीचरच्या जागी, दुसरा वर्ग होता, ह्या वह्या मी ट्रेनमध्ये तपासल्या." मग ओवीकडे वळून, "हे कसं केलंस, मला सांगशील?" ओवीने सांगितलं. त्या शून्यावर बोट ठेवून तिने पुन्हा विचारलं, "आता इथे किती उरले?" ओवी बराच वेळ गप्प. मागचे पालक घड्याळ बघायला लागले. टीचर थांबून राहिली. शेवटी ओवी म्हणाली, "नऊ?" ह्या सगळ्यात माझी दोन मिनिटं कधीच संपली होती, आणि बाजूच्या टेबलावरून सुपरवायझर मॅडम तिच्याकडे असं बघत होत्या की मलाच उठावंसं वाटलं.

येताना रिक्षात माझी पहिली शीर आठवली. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, पेशंट एक आजोबा, दोनदा सुई चुकली. पण पाठीमागे मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून कोन बदलला. तिसऱ्यांदा लागली. आजोबांना वाटलं मीच केलं. नव्या पोरीच्या हाती सुई देऊन आमच्याकडे कुणी वॉर्डबाहेर जात नाही. ह्या मुलीच्या मागे कोण उभं आहे? वर्गात ४८ मुलं, वर दुसऱ्यांचे तास, आणि आता आम्ही एकोणीस जण.

संध्याकाळी नणंदेला फोन केला. ताई पालिकेच्या शाळेत वीस वर्षं शिकवतायत. पत्र वाचून दाखवलं तर हसायलाच लागल्या. आम्ही "किमान बी.एड. झालेली" शिक्षिका मागितलीय. पहिली ते पाचवीला बी.एड. चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्येच सांगितलंय. डी.एल.एड. लागतं, म्हणजे पूर्वीचं डी.एड., आणि वर टीईटी, ती शिक्षकांची पात्रता परीक्षा. हिचं दोन्ही झालंय, मी आज विचारलं. "म्हणजे नियमात बसणारी काढून न बसणारी आणा म्हणताय," ताई म्हणाल्या. त्या नवीन असताना पहिले कित्येक महिने मुख्याध्यापक मागच्या बाकावर येऊन बसायचे, पाठाचं टाचण बघायचे, खडू धरण्यावरूनसुद्धा बोलायचे. रडवायचे म्हणे. आणि ४८ चा आकडा ऐकून गप्पच झाल्या. शिक्षणहक्क कायद्यात मोठ्या प्राथमिक शाळेलाही एका शिक्षकामागे ४० च्या वर मुलं धरलेली नाहीत. फीवाढीवरून आम्ही दोन तास भांडलो होतो, पण ह्या ४८ बद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. मीही नाही.

तरी त्या चांदणीचा राग गेलाय असं नाही. चुकीचं शिकलेलं पोरांच्या डोक्यातून काढायला दुप्पट वेळ लागतो, आणि तो माझा जातो, ड्यूटीवरून आल्यावर. ट्रेनमध्ये वह्या तपासू नयेत, एवढं तिला मी सांगणार आहे.

नऊ वाजता ग्रुपवर लिहिलं: बदलून मागण्याऐवजी वर्गात एक सीनियर टीचर सोबत द्या आणि प्रॉक्सी बंद करा, असं लिहू या का? बराच वेळ नुसत्या निळ्या टिका. मग एकीने हात जोडलेले पाठवले, म्हणजे नक्की काय ते कळलं नाही. मग ते सव्वा लाखवाले बाबा: "मॅडम, तुम्ही सही केलीय ना?"

पत्र सोमवारी सकाळी आठला द्यायचं ठरलंय. तेव्हा मी वॉर्डात असेन. उद्या फोन करून नाव काढायला सांगते. ओवीने मघाशी वहीतल्या चांदणीवर पेन्सिलने बारीक काट मारली आणि खाली २३५ लिहिलं. टीचरला दाखवायचंय म्हणे.