घराला रंग मानसीनंच का द्यायचा?

"नवरा दुसरीत गुंतला. मग घराला रंग कुणी द्यायचा? बायकोनं! नटायचं कुणी? तिनंच! हे कसं काय?"

'गृहप्रवेश' बघून झाला की हा प्रश्न येतोच. ठाण्यात आम्ही काही जण महिन्यातून एकदा जमतो, जुना सिनेमा बघतो आणि मग चहा घेत बोलत बसतो. सिनेमा निवडायचं काम माझ्याकडे, त्यामुळे प्रश्नही माझ्याकडेच येतात. हा विचारणारी बहुधा बाई असते आणि तिच्या आवाजात राग असतो. तो राग मला रास्त वाटतो. पण माझं उत्तर दोन वाक्यांत मावत नाही आणि चहा संपेपर्यंत ते अर्धंच राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून ते एकदा नीट लिहिते.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. सिनेमा १९७९चा, बासू भट्टाचार्य यांचा. अमर आणि मानसी, म्हणजे संजीवकुमार आणि शर्मिला टागोर, मुंबईत भाड्याच्या घरात राहतात. एक मुलगा आहे. स्वतःचं घर घ्यायचं म्हणून मानसी पै-पै बाजूला टाकते. अमर ऑफिसातून येतो, जेवतो, झोपतो. ऑफिसात सपना नावाची तरुण मुलगी येते (ही सारिका), आणि अमर तिच्यात गुंततो. तो हे बायकोला सांगतो. मानसी म्हणते, तिला एकदा घरी घेऊन या. ती यायची त्या दिवसासाठी मानसी घराला रंग देते, नीटनेटकी तयार होते. अमर घराकडे आणि बायकोकडे बघतच राहतो. शेवटी तो परततो.

एवढंच कथानक. पण ठाण्यात हा सिनेमा दाखवला की खोलीत जी शांतता पसरते, ती मी दुसऱ्या कुठल्या सिनेमाला अनुभवलेली नाही. कारण इथे जवळजवळ प्रत्येकाचं लग्न घराच्या हप्त्याबरोबरच मोठं झालंय. घोडबंदर रोडवर मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत जे टॉवर उभे आहेत, त्यांतल्या कितीतरी घरांत नवरा-बायकोचं दिवसभराचं बोलणं म्हणजे हप्ता गेला का, दूध सांगितलंस का, क्लासला कोण सोडणार. तो सकाळी अंधेरीच्या बसला लटकतो, ती ठाण्याहून लोकल पकडते आणि परत येताना लेडीज डब्यातच रात्रीची भाजी निवडते. दोघंही एकाच घरासाठी राबतात, आणि त्या घरात दोघं जागे असतात तो वेळ फार थोडा. बाकी सगळं पुढे ढकललेलं. ताबा मिळाला की. पोराची दहावी झाली की. कर्ज फिटलं की.

आमच्याही घरात खर्चाची एक वही होती. पाचपाखाडीच्या भाड्याच्या घरातून वाघबीळला आलो, वही बरोबर आली. रविवारी सकाळी आम्ही दोघं तिच्यावर वाकून बसायचो. खरं सांगायचं तर आठवड्यातला आमचा एकत्र असा वेळ तेवढाच, आणि त्यातही आम्ही एकमेकांकडे न बघता आकड्यांकडे बघत असू. म्हणून अमर-मानसीच्या घरातला तो कोरडेपणा मला परका वाटत नाही. तिथे भांडण नाही. मारझोड नाही, दारू नाही, सासू नाही. आजची प्रत्येक इच्छा उद्याच्या घरात नेऊन ठेवलेली, आणि ते घर काही येत नाही. भूपिंदरच्या आवाजात गुलजारांचं जे गाणं आहे, लोकांच्या घरात राहणाऱ्या माणसाचं, ते मला अमरपेक्षा मानसीचं जास्त वाटतं. चाळिशीतल्या माणसाला एकाएकी जी घुसमट होते तिचं मूळ मला या पुढे ढकलण्यात दिसतं. सपना नसती, तर अमरनं दुसरं काहीतरी शोधलं असतं.

आता मानसीच्या रंगाकडे येते.

मी तो प्रसंग असा वाचते. जी बाई आजवर उद्यासाठी वाचवत आली, ती पहिल्यांदा आजसाठी खर्च करते. नवं घर होईल तेव्हा रंग, पडदे, चांगली साडी, असं तिनं मनाशी ठरवलेलं असणार. आता ते घर होणार की नाही हेच माहीत नाही, तर मग हे आहे तेच घर. याच भिंती. वरवर बघता ती नवऱ्याला परत मिळवायला नटते, पण शर्मिला टागोरचा चेहरा मला तसं सांगत नाही. तो चेहरा आर्जव करणाऱ्या बाईचा नाही. आपण इतकी वर्षं स्वतःला काय म्हणून बाजूला ठेवलं, याचा हिशेब ती मांडतेय असं मला वाटतं. अमरला धक्का बसतो तोही तिच्या रूपाचा नाही. ही बाई इथेच होती आणि आपण तिला पाहिलं नाही, याचा तो धक्का आहे.

वर्तकनगरच्या एक काकू, सत्तरीच्या, एकदा म्हणाल्या, "तिनं रंग आधीच द्यायला हवा होता. तो जावो नाहीतर राहो." मला हे फार पटलं.

तरीही तुमचा राग जागेवर आहे आणि मी त्यातून सिनेमाला सोडवणार नाही. परीक्षा मानसीची होते, अमर फक्त बघतो. तो काही दुरुस्त करत नाही, काही सोसत नाही, कुणाची माफी मागायला त्याला उंबऱ्यावर उभं राहावं लागत नाही. आणि हे या एकाच सिनेमात घडत नाही. लग्नावरचे बासूदांचे तीन सिनेमे एकत्र बघितले की एक धागा दिसतो. तिन्हींत नायकाचं नाव अमर. १९७१च्या 'अनुभव'मध्ये नवरा वर्तमानपत्राचा संपादक, कामात बुडालेला, म्हणून बायको, तनुजा, घरातले नोकर काढून टाकते आणि संसार स्वतःच्या हातात घेते. म्हणजे तिथेही डागडुजी तिचीच. १९७४च्या 'आविष्कार'मध्ये लग्नाच्या वाढदिवसाच्या एका रात्रीत दोघं आपापला भूतकाळ उसवत बसतात. तिथे निदान ओझं वाटून घेतलंय. मला तिघांतला तोच सगळ्यांत प्रामाणिक वाटतो, जरी जीव जास्त 'गृहप्रवेश'वर असला तरी.

आणखी एक गोष्ट मी सिनेमा सुरू होण्याआधी सांगते, आणि ती का सांगता असंही मला विचारतात. बासू भट्टाचार्य यांच्या पत्नी रिंकी, बिमल रॉय यांच्या कन्या. त्या पुढे घर सोडून बाहेर पडल्या. आपल्या लग्नात आपल्याला मारहाण झाली हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं आणि घरातल्या हिंसेवर पुढे पुस्तक केलं, बायकांच्या कहाण्या एकत्र आणल्या. शिकल्यासवरल्या, कलावंतांच्या घरात असं घडत नाही असा समज होता, त्या काळात हे बोलणं सोपं नव्हतं. हे कळल्यावर सिनेमा बघू नये असं मी म्हणत नाही. पण हे न सांगता तो दाखवणं मला बरोबर वाटत नाही. पडद्यावर बायकोचं मन इतक्या हळुवारपणे उलगडणारा माणूस आणि त्या घरातून आलेली ही साक्ष, दोन्ही आपल्यासमोर असायला हवं. मला स्वतःला हे कळल्यापासून मानसीचं गप्प राहणं पूर्वीसारखं सोज्वळ वाटत नाही. ती बोलत नाही, सगळं समजून घेते, याचं कौतुक करताना मी आता थबकते.

मग अमरनं करायचं काय होतं? हा प्रश्न मध्यंतरी एका गृहस्थांनी विचारला, आणि मनापासून विचारला. त्यांना वाटलं, प्रेम सांगता येत नाही की आवरता येत नाही, बिचारा बायकोशी खरं तरी बोलला. ते खरं आहे. लपवणाऱ्यांपेक्षा तो बरा. पण 'मला दुसरी आवडते' हे वाक्य त्याला जमलं, त्याच्या कितीतरी आधी 'मला इथे कंटाळा आलाय, तुलाही आलाय का?' हे वाक्य जमायला हवं होतं. ते अवघड आहे, कारण त्यात दोष द्यायला कुणी सापडत नाही. रात्री जेवणं आटोपल्यावर, टीव्ही बंद करून, समोरच्या माणसाला हे विचारायला धैर्य लागतं. मानसीनं काय उत्तर दिलं असतं याची मी पुष्कळदा कल्पना करते. बहुधा ती म्हणाली असती, घर झालं की बरं वाटेल. तेव्हा त्यानं थांबून पुन्हा विचारायला हवं होतं.

सपनाबद्दल मात्र मला अजून कुणी विचारलेलं नाही. माझं घर रिकामं आहे असं एका माणसानं तिला भासवलं, आणि ती त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून ते घर बघायला आली. तिथे रंग दिलेल्या भिंती होत्या, तयार होऊन उभी असलेली बायको होती. आपल्याला सांगितलेलं खरं नव्हतं, हे त्या मुलीला एका अनोळखी बैठकीच्या खोलीत, परक्या बाईनं केलेलं आदरातिथ्य घेता घेता कळलं. सगळा सिनेमा अमर-मानसीच्या मीलनासाठी तिला बाजूला सारतो आणि आपणही सुस्कारा टाकतो. दुसऱ्या दिवशी ती त्याच ऑफिसात, त्याच माणसासमोर कामाला बसली असेल का, हे पुढच्या वेळी कुणी तरी विचारा. त्यावर बोलायला मला आवडेल.