सरासरीने साथ कळत नाही

साथीच्या गणिताबद्दल वाचायला घेतलं की बहुतेक वेळा सुरुवात १९२७ च्या कर्मॅक-मॅकेंड्रिकच्या पेपरपासूनच होते. लोकांचे तीन गट करायचे, ज्यांना लागण होऊ शकते ते, सध्या आजारी असलेले, आणि बरे झालेले किंवा दगावलेले, मग रोज कोण कुठून कुठे जातंय ते समीकरणात मांडायचं. त्यांनी ते मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगच्या मृत्यूंच्या आकड्यांवर लावून बघितलं आणि ग्राफ छान जुळला.

पण या मॉडेलमध्ये एक गोष्ट गृहीत धरलीये जी मला कायम खटकते, ती म्हणजे कोणीही कोणालाही सारख्याच शक्यतेने भेटतो. खरं असं कुठे असतं? कोणाचा दिवसभरात तिघांशी संबंध येतो, कोणाचा तीनशे जणांशी.

समजा दहा माणसं आहेत, मधे एकजण, त्याची बाकी नऊ जणांशी ओळख, आणि त्या नऊ जणांची फक्त त्याच्याशी. सरासरी ओळखी निघतात १.८, म्हणजे अगदी निरुपद्रवी आकडा! पण त्या मधल्या माणसाला लागण झाली की सगळे धोक्यात. २००१ मध्ये पास्टर-सातोरास आणि वेस्पिन्यानी यांनी दाखवलं की थोड्याच लोकांकडे प्रचंड ओळखी असलेल्या मोठ्या नेटवर्कमध्ये अगदी कमी संसर्गजन्य आजारसुद्धा तग धरू शकतो.

मग लस कोणाला आधी द्यायची? नेटवर्कचा नकाशा तर कोणाकडेच नसतो. यावर कोहेन, हॅवलिन आणि बेन-अव्राहम यांनी २००३ मध्ये जी युक्ती सुचवली ती मला इतकी आवडते की भेटेल त्याला सांगत असतो. कोणालाही निवडा, पण लस त्याला नका देऊ, त्याच्या एखाद्या ओळखीच्या माणसाला द्या. वरच्या दहा जणांत चिठ्ठी काढली तर मधला माणूस सापडायची शक्यता दहात एक, आणि ओळखीचा विचारला तर दहात नऊ!! कारण ज्याच्या ओळखी जास्त त्याचं नाव जास्त लोकांच्या तोंडी येणार ना.

अर्थात ओळख असणं आणि एका खोलीत तासभर बसणं यात खूप फरक आहे, आणि साथ आली की लोक भेटणंच कमी करतात, त्यामुळे नेटवर्कही बदलत राहतं. तरी २००९ च्या फ्लूच्या वेळी क्रिस्ताकिस आणि फाउलर यांनी हार्वर्डच्या विद्यार्थ्यांवर हेच तत्त्व वापरून पाहिलं, एक गट असाच निवडलेला आणि दुसरा त्यांनी नावं सांगितलेल्या मित्रांचा, आणि मित्रांच्या गटात साथ साधारण दोन आठवडे आधी पोचली.