शासनाचा श्रावण

परवा दुपारी शासनाने मला श्रावण लागल्याचं कळवलं. आमच्या घरी अजून आषाढ चालू होता, कांदा-लसणाला कसलीच बंदी नव्हती, आणि सकाळीच मुलाने 'गटारी कधी आहे' अशी चौकशी केली होती. पण समोर उघडलेल्या राजपत्राच्या कपाळावर इंग्रजी तारखेशेजारी श्रावण, शके अमुक, असं स्पष्ट छापलेलं. शासनाचा श्रावण दरवर्षी २३ जुलैला लागतो. चंद्र कुठे आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही, अधिक महिना नाही, क्षयतिथी नाही. २२ मार्च १९५७ ला, म्हणजे चैत्र १, शके १८७९ पासून ही राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली आणि तेव्हापासून राजपत्राच्या डोक्यावर ती इमानेइतबारे छापली जाते. ती बघून कुणी सोमवार धरल्याचं मात्र माझ्या ऐकिवात नाही.

राजपत्रात मी शिरले होते ती खरं तर एका जीआरच्या, म्हणजे शासन निर्णयाच्या, शोधात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून वाद झाला आणि तळमजल्यावरचे गृहस्थ हात झटकत म्हणाले, "तसा जीआर आहे." झालं, सगळे गप्प. आपल्याकडे या वाक्यानंतर कुणी बोलत नाही. तो जीआर कुणी पाहिलेला नसतो, सांगणाऱ्यानेही नसतो, पण तो असतो. पूर्वी 'शास्त्रात सांगितलंय' म्हणायचे, त्या जागेवर आता हा बसला आहे. आणि माझी खोड अशी की असं कुणी म्हणालं की दुपारी जेवणानंतर मोबाइल घेऊन मी तो शोधायला बसते.

शासन निर्णयांच्या त्या पानावर गेलं की आधी विचारतात, विभाग कोणता? मग तारीख, कधीपासून कधीपर्यंत? मग वाकडीतिकडी अक्षरं ओळखून दाखवा. आता पार्किंग हा नगरविकास, सहकार की गृह? तारीख माहीत असती तर मी कशाला शोधलं असतं? ज्याला निर्णय आधीच ठाऊक आहे त्याला तो लगेच सापडावा, अशी ही व्यवस्था आहे. खाली संकेतांक टाकायचीही सोय आहे. हा संकेतांक म्हणजे लांबलचक आकडा, सुरुवातीला वर्ष, महिना, दिवस, पुढे तास-मिनिटं. अगदी पत्रिका मांडण्याइतका तपशील, जन्मस्थळ तेवढं मंत्रालय धरायचं. ३१ मार्चला रात्री उशिरा जन्मलेली भावंडं पुष्कळ सापडतात, त्यांचे ग्रह काय असतील ते असोत.

पार्किंग राहतं बाजूला आणि मी भलतंच वाचत बसते. मला त्या भाषेचा नाद आहे. सुरुवातीला 'वाचा' म्हणून आधीच्या निर्णयांची उतरंड, मग प्रस्तावना, मग मुख्य निर्णय, शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. त्याखाली प्रती कुणाकुणाला त्याची यादी आणि सगळ्यांत तळाला, अंगत-पंगतीत शेवटी बसलेल्या यजमानासारखी, 'निवड नस्ती', म्हणजे कचेरीने स्वतःपाशी जपायची प्रत. मंत्र्यांचे खाजगी सचिव, महालेखापाल, विभागीय आयुक्त असे सगळे मोठे लोक जेवून उठले की निवड नस्ती.

हा नाद वडिलांकडून आला. ते कचेरीत अव्वल कारकून होते आणि घरी त्यांची जीआरची एक फाईल होती. म्हणायला एक, प्रत्यक्षात फळीभर. चक्रमुद्रित कागद, जांभळट शाई, कोपऱ्यात भोक पाडून ओवलेला नाडा. आईचा त्या फळीवर राग, कारण दर पावसाळ्यात तिथे कसर लागायची आणि ती साड्यांपर्यंत पोचायची. डांबरगोळ्यांचा खर्च ती शासनाच्या नावावर मांडत असे. रविवारी सकाळी कुणी ना कुणी यायचंच. शाळामास्तर, तलाठी, झेडपीतला कुणी. कुणाची वेतननिश्चिती चुकलेली, कुणाचा घरभाडे भत्ता अडलेला. वडील चहा सांगायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हां, तो पुराच्या वर्षीचा."

पुराचं वर्ष म्हणजे १९६९. नाशिकला पूर किती आला हे गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात, गुडघ्याला लागला, कमरेला लागला, बुडाला. वडिलांच्या डोक्यात जीआर तसेच लावलेले होते. हा पुराच्या आधीचा, तो ७२ च्या दुष्काळातला, अमका ८० च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात, साहेब बंदोबस्ताला होते म्हणून प्रत उशिरा आली तो. मग उठून, बोटाला थुंकी लावून, नेमक्या जागी हात. मास्तर तो कागद दोन्ही हातांनी धरून वाचायचे आणि परत देताना कपाळाला लावतात की काय असं वाटायचं. आम्ही भावंडं दाराआडून बघायचो. आम्हांला त्या कागदात काही कळत नव्हतं, पण चहाबरोबर आलेल्या खारीत रस होता. पुढे घर बदललं तेव्हा ती फळी रद्दीत गेली. आईने त्या दिवशी कपाट धुऊन काढलं.

तर संगणकाला 'पुराच्या वर्षीचा' असं विचारता येत नाही. नावाने विचारावं तर जुने मराठी कागद युनिकोडच्या आधीच्या फाँटात बांधलेले, डोळ्यांना 'नाशिक' दिसतं पण यंत्राच्या लेखी तिथे भलत्याच रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते. आणि नुसता फोटो काढून चढवलेल्या कागदात तर अक्षरंच नसतात, चित्र असतं. इंग्रजीत शोधावं तर आपलं गाव जुन्या कागदांत 'श'ऐवजी 'स'ने बसलेलं. तसं शोधलं की १८८३ चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर हाती लागतं, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला सोळावा खंड, संपादक जेम्स कॅम्पबेल. जिल्हा तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचा, १८६९ ला झालेला. नद्या, पिकं, जाती, बाजार, येवल्याचं रेशीम, नाशिकची तांब्यापितळेची भांडी, सगळं आहे. पांडवलेण्यांचा भाग पंडित भगवानलाल इंद्रजींनी केलेला. हे मी दुपारी वाचायला घेतलं तर संध्याकाळी कुकर लावायचा राहतो. पार्किंगबद्दल त्यात अर्थातच काही नाही.

खरं तर सरकारी कागदाचं अप्रूप नाशिककराला नसावं. नाशिकरोडला १९२५ पासून सिक्युरिटी प्रेस, १९२८ पासून नोटांचा छापखाना. पोस्टाची तिकिटं, मुद्रांक, नोटा, सगळं इथलं. शिवाय नाशिकच्याच गांधीनगरला भारत सरकारचं मुद्रणालय. २०१७ साली केंद्राने देशभरातल्या आपल्या १७ मुद्रणालयांची ५ करायची ठरवली, त्या पाचांत हे राहिलं. प्रेसमधला जावई ही आमच्या लहानपणी नाशिकरोडला मोठी गोष्ट होती, बँकेतल्या जावयाच्या एक पायरी वर. केंद्राचं राजपत्र मात्र १ ऑक्टोबर २०१५ पासून कागदावर छापायचं बंद झालं, आता ते फक्त पडद्यावर. कसरीची सोय गेली.

राजपत्रातला माझा आवडता भाग म्हणजे राज्याच्या राजपत्राचा भाग दोन, संकीर्ण सूचना व जाहिराती. गुरुवार ते बुधवार असा त्याचा आठवडा. त्यात पानंच्या पानं नावं बदललेल्या लोकांची. एकीकडे जुनं नाव, दुसरीकडे नवं. कुणी ग्रहांसाठी एक अक्षर वाढवलेलं, कुणाचं शाळेत गुरुजींनी चुकीचं लिहिलेलं, आणि बऱ्याचशा बायका. अधिनियम आणि अधिसूचना काढणारं शासन जिथे बोलतं त्याच राजपत्रात या बायका एकेका ओळीत बसलेल्या.

आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. सगळ्यांनी वाकून वाचायचं, साखर वाटायची, आणि त्याच संध्याकाळी ते तांदूळ पुन्हा डब्यात. दुसऱ्या दिवशी भात. आईचं नाव असंच गेलं. माहेरचं नाव एकटे मामा घ्यायचे, तेही पोस्टकार्डावर. सूचना नाही, हरकती मागवल्या नाहीत, प्रत माहितीसाठी कुणाला नाही. मामा गेल्यावर ते नाव घेणारं कुणी उरलं नाही. एका दुपारी मी ते त्या शोधाच्या चौकटीत टाईप केलं होतं. का, ते विचारू नका. उत्तर ठरलेलंच आलं.

शेजारच्या काकूंचं मात्र राजपत्रात आहे. मुलाकडे परदेशी जायचं तर पासपोर्ट हवा, आणि शाळेच्या दाखल्यावर एक नाव, पेन्शनच्या कागदावर दुसरं, म्हणून त्यांनी कधीकाळी ते छापून घेतलं होतं. पासपोर्ट तेव्हा झाला, आता त्याचं नूतनीकरण, आणि ते पान काही सापडेना. माझी ख्याती त्यांना ठाऊक. "तारीख?" मी विचारलं. "सिंहस्थाचं वर्ष गं, पण स्नानाच्या आधी. आपला रस्ता खोदून ठेवला होता बघ, मी चिखलातून झेरॉक्स काढायला गेले होते."

याला म्हणतात तारीख. २०१५, पहिलं शाही स्नान २९ ऑगस्टला, म्हणजे त्याच्या आधीचं. चिखल म्हणजे जून उलटून गेलेला. नाशिक विभाग घेतला आणि एकेक गुरुवार-बुधवार उघडत गेले. नाव यंत्राला शोधता येत नव्हतंच, डोळ्यांनीच ओळी चाळल्या. जुलैत सापडल्या. लग्न १९७४ चं, तांदळातलं नाव शासनाला कळलं ते ४१ वर्षांनी.

मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. म्हटलं, आता काकू जुन्या नावाकडे बघत बसतील, माहेरचं काहीतरी सांगतील. त्यांनी दोन बोटांनी पान मोठं केलं, सरकवत सरकवत वर नेलं, अगदी पहिल्या पानाच्या मथळ्यापर्यंत, आणि चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या, "अगं, याच्यावर किंमत छापलीय की! आणि त्या मेल्या एजंटाने माझ्याकडून किती घेतले होते, माहितीये?"