महिन्यानं काय आठवलं: २०२५ ची सिनेमावही

वही तिसरी. २०२३ मध्ये २९ सिनेमे झाले, २०२४ मध्ये ३४. यंदा चाळीस करायचेच असं जानेवारीत ठरवलं होतं, पण डिसेंबर संपत आला तरी गाडी ३७ वरच अडकलीय. नियम जुनेच. थेटरात बघितलेलाच धरायचा, मोबाईलवरचा धरायचा नाही, आणि झोप लागली तर 'झोपलो' असं खरं लिहायचं. (यंदा दोनदा. दोन्ही वेळा रात्रपाळी करून गेलो होतो, सिनेमाचा दोष नाही.) ३७ पैकी मराठी १६, हिंदी ११, दक्षिणेतले ६, इंग्रजी ४.

माझं काम कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, सुट्टी सोमवारची. सोमवार म्हणजे थेटरवाल्यांचा मेलेला दिवस. मला मात्र शुक्रवारी लागलेला मराठी सिनेमा गाठायची ती पहिली आणि बऱ्याचदा शेवटची संधी. पुढच्या आठवड्यात तो असेल याचा भरवसा नाही, आणि असला तर सकाळी साडेनऊचा एकच शो. साडेनऊला कोण मोकळं असतं, ते वेळापत्रक लावणाऱ्यालाच ठाऊक.

यंदा वहीत एक बदल केला, आणि सगळी मजा त्यातच आली. मागची दोन वर्षं मी घरी आलो की रात्रीच दहापैकी मार्क द्यायचो. गेल्या डिसेंबरात जुनी वही चाळत बसलो, तर ९ मार्क दिलेल्या एका सिनेमाची गोष्टच आठवेना. डोकं खाजवलं, बायकोला विचारलं, तिलाही आठवेना. तेव्हा मार्क बंद. त्याऐवजी एक कोरा रकाना आखला: 'महिन्यानं'. सिनेमा बघून महिना झाला की आधीची नोंद न वाचता पहिलं जे डोक्यात येईल ते एका ओळीत लिहायचं. काहीच नाही आलं तर रेघ. आजवर ११ ठिकाणी रेघ आहे. एका ठिकाणी, ज्या सिनेमाला आम्ही चौघं मित्र शिट्ट्या मारत गेलो होतो तिथं, नुसतं 'समोसा १४० रुपये' एवढंच लिहिलंय.

तिकिटं जपणाऱ्यांना मध्येच एक सांगतो. हल्लीचं तिकीट म्हणजे मशीनमधून निघणारी गुळगुळीत चिठ्ठी. त्यात शाई नसते, छापताना कागदावरचा थर उष्णतेनं काळा पडतो, आणि पुढं तोच उडून जातो. माझी २०२३ ची वही पत्र्याच्या खोलीत कपाटावर होती. दोन उन्हाळे गेले आणि २९ च्या २९ तिकिटं पांढरी फटक. जी मी हौसेनं चिकटपट्टीखाली दाबली होती ती तर आधी गेली. आता तिकीट हातात आलं की तिथंच पाठीमागं पेन्सिलीनं नाव, तारीख, सीट नंबर लिहितो आणि दुसऱ्या दिवशी झेरॉक्स काढतो. झेरॉक्सवाला हसतो. हसू दे.

आता सिनेमांकडं येतो.

१० मार्च, सोमवार, जयंत सोमलकरांचा 'स्थळ'. २०२३ मध्ये टोरंटोच्या महोत्सवात बक्षीस घेऊन आलेला सिनेमा आपल्याकडं थेटरात लागायला २०२५ चा मार्च उजाडला. माझी गाडी सर्व्हिसिंगला होती म्हणून रिक्षानं गेलो. खिडकीवरचा पोरगा म्हणाला, "सर, पाच तिकिटं झाली तरच शो लावतो, आत्ता तुमचं तिसरं." बाकीच्या दोघी कॉलेजच्या पोरी, त्या बिचाऱ्या घड्याळ बघत उभ्या. एका मित्राला फोन लावला, तो उद्यमनगरातून दहा मिनिटांत आला. चार झाले. बाहेर बघतो तर माझे रिक्षावाले मामा अजून तिथंच, भाड्याची वाट बघत.

"मामा, चला पिक्चरला. तिकीट माझं."

"कसला हाय?"

"पोरगी बघायला येत्यात, त्याच्यावर."

"मग त्यात काय बघायचं? आमच्या घरात तेच चाललंय की."

तरीही आले. खाकी शर्टावर, सीटवर वर मांडी घालून बसले. सिनेमा उलट्या कांदेपोह्यांनी सुरू होतो. बायका ओळीनं बसल्यात आणि मध्ये बसवलेल्या पोराला नाव-गाव-उंची विचारतायत. मामा एवढ्या मोठ्यानं हसले की पुढच्या दोघी वळून बघायला लागल्या. ते नायिकेचं, सविताचं, स्वप्न निघतं. मग खरे पाहुणे येतात. गाव विदर्भातलं, कापसाला भाव नाही, पडद्यावरची माणसं बहुतेक गावातलीच, त्यामुळं कुणी अभिनय करतंय असं वाटतच नाही. प्रश्न तेच. नाव काय, उंची किती, छंद काय. पाहुणे बदलतात, प्रश्न तेच राहतात, त्याच चालीवर. पहिल्यांदा हसू येतं, दुसऱ्यांदाही येतं. तिसऱ्या वेळी मामांचं हसू थांबलं. मध्यंतरात चहाला चला म्हटलं, तर नको म्हणाले.

परत जाताना तावडे हॉटेलच्या अलीकडं सिग्नलला थांबलो तेव्हा स्वतःहून बोलले, "आमच्या थोरलीला पाच जण बघून गेली. उंची मीच सांगायचो. तिनं तोंड उघडायच्या आत." सिग्नल सुटला. पुढं काही बोलणं झालं नाही.

एप्रिलमध्ये रकाना भरायला बसलो तर सविताच्या आधी मामांचं ते वाक्यच आलं. सिनेमातलं दृश्य नाही म्हणून खोडणार होतो, मग म्हटलं राहू दे, सिनेमा नसता तर ते वाक्यही निघालं नसतं.

उन्हाळा धावतपळत गेला. 'छावा'ला कोल्हापुरात काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. गारद थेटरात चालू झाली ती पार्किंगपर्यंत. शेवटी उजेड झाला तरी लोक उठेनात, ते मात्र महिन्यानंही आठवलं. १ मेच्या 'आता थांबायचं नाय!'ला फौंड्रीतले आम्ही सहा जण मिळून गेलो. मुंबई महापालिकेचे कामगार रात्रशाळेत बसून दहावी होतात, ही घडलेली गोष्ट, शिवराज वायचळांनी गोड सांगितलीय, जरा जास्तच गोड. पण आमच्यातला एक जण दहावी नापास आहे, त्यानं जूनमध्ये सतरा नंबरचा फॉर्म कुठं मिळतो याची चौकशी केली. 'जारण'मध्ये अमृता सुभाष. महिन्यानंतर नुसता तिचा चेहरा आठवला, गोष्टीचे धागे विसरलो. 'सैयारा'ला आजूबाजूची पोरं हुंदके देत होती आणि मी आजोबा असल्यासारखा बसलो होतो. रेघ.

सप्टेंबरबद्दल मात्र भांडायचंय. १२ तारखेला एकाच शुक्रवारी तीन मराठी सिनेमे: 'दशावतार', 'आरपार', 'बिन लग्नाची गोष्ट'. लगेच १९ ला 'साबर बोंडं', २६ ला 'होमबाउंड'. माझ्यासारख्यानं सोमवार आणायचे कुठनं? वर्षभर महिना महिना कोरडा जातो आणि मग पंचगंगेला पूर यावा तसं सगळं एकदम. 'आरपार' हुकला तो हुकलाच.

'दशावतार'ला शेजारच्या मशीनवरचा कुडाळचा मित्र सोबत होता. त्यानं लहानपणी रात्र रात्र जागून कोकणातल्या दशावताराचे खेळ बघितलेले, त्यामुळं त्याचा एक डोळा पडद्यावर आणि एक 'असं नसतंय रे, तसं असतंय' म्हणत माझ्यावर. सुबोध खानोलकरांचा सिनेमा, आणि वयाच्या ८१ व्या वर्षी दिलीप प्रभावळकर त्यात जे करतात त्याला तोड नाही. उत्तरार्धात सूड जरा ताणलाय असं माझं मत. मित्राला ते अजिबात पटलं नाही, गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात गेल्याशिवाय ते कळणार नाही म्हणाला. रकान्यात: 'रंग फासल्यावर उरलेले डोळे'.

आणि २२ सप्टेंबर. रोहन कानवडेंचा 'साबर बोंडं'. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांत सर्वोच्च बक्षीस मिळवलेला मराठी सिनेमा, आणि आख्ख्या थेटरात आम्ही सात जण. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या विधींसाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि लहानपणीचा मित्र बाळ्या. दोघांचं लग्न झालेलं नाही, नातेवाईक सारखे तोच विषय काढतायत, आणि दोघांमध्ये जे आहे ते कुणाला सांगता येण्यासारखं नाही. एवढीच गोष्ट. पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा एका जागी ठेवतात आणि माणसं त्यात येतात-जातात. पहिली वीस मिनिटं मला एसीचा आवाज ऐकू येत होता, मागच्याच्या पिशवीतला मक्याचा दाणा न् दाणा ऐकू येत होता. मग कधीतरी ते ऐकू यायचं बंद झालं. कधी, ते कळलं नाही. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ मध्यंतरात तणतणत निघून गेला. उरलेल्या सहा जणांत एकही जण नंतर मोबाईल काढताना दिसला नाही.

महिन्यानं लिहिलं: 'आईला सगळं माहीत आहे'. तेवढंच. पोराबद्दल ती कुठं मोठं भाषण करत नाही. नातेवाईक लग्नाचं काढतात तेव्हा मध्ये पडते, आणि तिचं मध्ये पडणं इतकं घरगुती आहे की मला माझीच आई दिसायला लागली. गंमत म्हणजे बघितलं त्या रात्री वहीत मी 'संथ, पण चांगला' असं लिहिलंय. जुनी पद्धत असती तर सात मार्क दिले असते आणि विसरलो असतो. आज वर्षातला एक नंबर कुठला म्हणून विचारलंत, तर हाच.

'होमबाउंड' त्याच्या पुढच्याच सोमवारी बघितला, त्यामुळं दोन्ही मनात एकमेकांत मिसळलेत. नीरज घायवानचा, भारतातर्फे ऑस्करला गेलेला. लॉकडाऊनमध्ये रस्त्याच्या कडेला मित्राचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला पोरगा. आमच्या फौंड्रीतली यूपी-बिहारची पोरं २०२० च्या मे महिन्यात अशीच हायवेला लागली होती. त्यातला एक परत आला नाही, पत्ता कुणाकडंच नव्हता. यापेक्षा जास्त त्या सिनेमाबद्दल लिहवत नाही.

१७ नोव्हेंबरला आईला घेऊन 'गोंधळ'. संतोष डावखरांचा, संगीत दक्षिणेतल्या इलयाराजांचं. (इलयाराजा आणि संबळ, हे वाचूनच मी तिकीट काढलं होतं.) नव्या जोडप्याच्या घरी रात्रभर गोंधळ आणि त्या अंधारात शिजणारं कारस्थान. दिवट्या दिसल्या आणि आई सीटवर सरळ होऊन बसली, पदर डोक्यावर घेतला, आणि तोंडातल्या तोंडात 'कोल्हापूरच्या अंबाबाई, गोंधळाला ये' सुरू. मी म्हटलं, "आई, सिनेमा आहे गं." "असू दे की. देव काय सिनेमात येत नाही व्हय?" त्या महिनाअखेरीला गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय महोत्सवात डावखरांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा रौप्य मयूर मिळाला. बातमी वाचून दाखवली तर आईनं ते श्रेय सरळ अंबाबाईला दिलं.

एक नोंद वहीत नियमाबाहेरची आहे. आमच्या कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' १९२५ चा, म्हणजे यंदा त्याला शंभर वर्षं झाली. सावकारानं जमीन खाल्लेल्या शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. तो मूकपट आज बघायला मिळत नाही, त्यामुळं एका सुट्टीला नुसता खरी कॉर्नरला जाऊन पेंटरांच्या कॅमेऱ्याच्या स्मारकापाशी उभा राहून आलो आणि वहीत ओळ रिकामी सोडली. पेंटरांनी तीच गोष्ट १९३६ मध्ये बोलपट म्हणून पुन्हा केली होती. जे. बी. एच. वाडिया हे स्वतः सिनेमे काढणारे गृहस्थ. त्यांना मूकपट अंधुकसाच आठवत होता, पण बोलपटातली अंधारातली उदास झोपडी आणि कुत्र्याचं रडणं ते कधी विसरले नाहीत. ते वाक्य मी दुसऱ्याच्या रकान्यातून उसनं घेऊन त्या रिकाम्या ओळीत लिहिलं. कुणाला नियमभंग वाटला तर वाटू दे.

शेवटचा ३७ वा, १५ डिसेंबर, 'शोले'. पन्नास वर्षांनी, मूळ शेवटासकट. आमच्या बाबांचं लहानपणापासून एक पालुपद होतं, "ठाकूरनं गब्बरला ठार मारला, खिळ्याच्या बुटानं." आम्ही भावंडं म्हणायचो, बाबा, पोलीस येतात आणि पकडून नेतात, शंभर वेळा बघितलाय. ते म्हणायचे, मी कॅसेटवर बघितलाय. आम्ही हसायचो. दिवाळीला, लग्नात, कुठंही विषय निघाला की बाबांचा शोले म्हणून चिडवायचो. आणीबाणीत सेन्सॉरनं शेवट बदलायला लावला होता हे मी पुढं वाचलं, पण बाबांना कधी सांगितलं नाही. का, कुणास ठाऊक.

परवा शेजारी बसवून दाखवला. ठाकूरचा बूट खाली आला तसं मी त्यांच्या कानाशी गेलो, "बाबा, तुमचं खरं होतं."

"मग? चाळीस वर्षं मी काय खोटं सांगत होतो व्हय रे?" एवढ्या मोठ्यानं की पुढच्या तीन रांगा वळल्या.

रकाना १५ जानेवारीला भरायचाय.