मस्टँगचं छप्पर आणि वाढलेले ८४ किलो

मिशिगनमध्ये १९६५ ची फोर्ड मस्टँग कन्व्हर्टिबल (घडीच्या छपराची गाडी) घ्यायचं ठरवलं, तेव्हा घरात आणि ऑफिसात सगळ्यांचा एकच समज: छप्पर नाही, म्हणजे गाडी हलकी. प्रत्यक्षात उलटं आहे. सहा सिलिंडरच्या हार्डटॉपचं (पक्क्या छपराची मस्टँग) छापील वजन २,४६५ पौंड, फास्टबॅकचं (मागे उतरत जाणाऱ्या छपराची) २,५१५ आणि कन्व्हर्टिबलचं २,६५०. हार्डटॉपपेक्षा १८५ पौंड, म्हणजे सुमारे ८४ किलो जास्त!

मस्टँगला वेगळी फ्रेम नाही. बॉडीच सगळा भार पेलते आणि त्यात छपराचा वाटा मोठा. ते नसेल तर गाडी मधोमध वाकू लागते. म्हणून फोर्डने कन्व्हर्टिबलच्या दारांखालच्या रॉकर पॅनेलमध्ये आतून जाड पत्रा घातला आणि पुढच्या चाकांमागे दोन्ही बाजूंना टॉर्क बॉक्स, म्हणजे मजबुतीचे पत्र्याचे खोके, दिले. शिवाय घडीच्या छपराचा सांगाडा आहेच. मला तर ते जास्तीचं वजन हीच या गाडीची खरी किंमत वाटते.

हे समजल्यावर गाडी बघताना रंग आणि क्रोम मागे पडले. आधी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक. त्यातल्या तिसऱ्या-चौथ्या जागेवरचे आकडे बॉडीचा प्रकार सांगतात: ०७ हार्डटॉप, ०८ कन्व्हर्टिबल, ०९ फास्टबॅक. एक लालभडक, देखणी ‘कन्व्हर्टिबल’ बघितली, तर नंबरात ०७. कुणीतरी हार्डटॉपचं छप्पर कापलं होतं. खाली मजबुतीचा पत्रा नावालाही नव्हता. ती तिथेच सोडली.

पुढची ०८ निघाली. टॉर्च घेऊन खाली शिरलो. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि रॉकर पॅनेल आतून सडतात, त्यामुळे चुंबक फिरवून, तो कुठे चिकटत नाही म्हणजे पुट्टी कुठे भरलीय, ते तपासलं. मग गाडी जॅकवर उचलून दारं उघडून-मिटून बघितली. बॉडी कमकुवत असेल तर दाराची फट तिथेच बदलते. या गाडीची दारं नीट बसत होती. सौदा झाला.

घरी आणायला ट्रेलर हवा होता, म्हणून ट्रक स्टॉपच्या काट्यावर वजन केलं. छापील वजनात पेट्रोल धरत नाहीत. १६ गॅलनची टाकी भरली की जवळपास १०० पौंड वाढतात आणि या गाडीतलं २८९ व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन सहा सिलिंडरपेक्षा जड. काटा ३,००० पौंडांच्या पुढे गेला. ट्रेलर त्याच आकड्यावर ठरवला.