काळं ऑईल

झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसलो. रात्रीचे साडेबारा झालेत, लाईट आत्ता कुठे आली, भिंतीला हात लावला तर अजून गरम लागतेय.

जुनी ४०७, छोटा ट्रक, घेऊन सव्वा महिना होईल आणि ती अजून गॅरेजमध्येच उभी आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दारात आणणार असं सगळ्यांना सांगून बसलो होतो. ताई आली, झोके झाले, सांजोऱ्या झाल्या, दादांच्या नावाची पितरांची घागर यंदा पहिल्यांदा भरली, त्यावर डांगर ठेवताना आई काही बोलली नाही, मीपण नाही. ते असू दे. ताई परत गेली, गाडी काही आली नाही. तेव्हा फार वाईट वाटलं होतं, पण आज जे झालंय ते त्याहून वेगळं आहे आणि कोणाला सांगायला जावं तर एवढीशी गोष्ट.

दुपारी मिस्तरीने ड्रायव्हर साईडची सीट काढली. खाली पत्र्याची पेटी, पाना-जॅक ठेवायची. पेंटर म्हणाला हिला पण आतून-बाहेरून हात मारून देतो, म्हणून मी झाकण उघडून पुसायला घेतलं तर आतल्या बाजूला खिळ्याने कोरून ठेवलेलं. ओळीखाली ओळ. तारीख, रीडिंग, आणि पुढे ऑईल नाहीतर फिल्टर नाहीतर ग्रीस. जुन्या ओळी गंजात बुडाल्यात, नव्या अजून चमकतात. शेवटची ओळ २ एप्रिलची. ऑईल + फिल्टर. मी गाडी घेतली ५ एप्रिलला.

म्हणजे गाडीच्या जुन्या मालकाने, आबांनी, ती विकायच्या तीन दिवस आधी ऑईल बदललं होतं. आणि ते त्यांनी मला सांगितलं होतं. आणि मी काय म्हणालो होतो ते मला शब्दाशब्दाने आठवतंय.

अमळनेरला त्यांच्या वाड्यात गाडी उभी होती, २०१२ ची ४०७, कापसाच्या आणि मक्याच्या फेऱ्या मारलेली. मी फिरून फिरून बघितली, खाली झोपून चेसिस बघितली, चालू इंजिनवर ऑईलचं झाकण उघडून धूर फेकते का बघितलं, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का बघितलं. सगळं ठीक निघालं, आणि खरं सांगायचं तर ते ठीक निघालं म्हणूनच मला काहीतरी पाहिजे होतं. मग डीपस्टिक, ऑईल मोजायची दांडी, ओढली. ऑईल काळंभोर. आबा म्हणाले, "ऑईल नवंच टाकेल शे भाऊ." मी ती दांडी त्यांच्यासमोर धरली आणि म्हणालो, "सगळे असंच म्हणतात आबा."

चार माणसं होती तिथे. त्यांचा पुतण्या होता, दलाल होता, चहा घेऊन आलेलं पोरगं होतं. आबा काही बोलले नाहीत. धोतराच्या सोग्याने हात पुसले आणि आत गेले, आणि मी दलालाला म्हणालो ऑईल, फिल्टर आणि आत काय निघेल काय माहिती, ८,००० कमी करा. झाले कमी. ३,३५,००० ची गाडी ३,२७,००० ला बसली. येताना मंगळग्रहाच्या मंदिरात नारळ फोडला, चोपड्याकडे तापीच्या पुलावर गाडी थांबवून फोटो काढला, घरी फोनवर आईला सांगितलं की ८,००० वाचवले.

आज मिस्तरीला विचारलं, भो, नवं ऑईल तीन दिवसात एवढं काळं होतं का? तो हसला नाही, हे बरं झालं. म्हणाला तीन दिवस कशाला, डिझेल गाडीत एका फेरीत काळं होतं. डिझेल जळताना काजळी होते, ती पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने थोडीथोडी खाली ऑईलमध्ये उतरते, आणि ऑईलचं कामच आहे ती धरून ठेवायचं, इंजिनला चिकटू द्यायचं नाही. काळं झालं म्हणजे काम करतंय. वाईट ऑईल रंगावर नाही ओळखायचं, ते बोटात पाण्यासारखं पातळ लागतं, डिझेलचा वास मारतं, चिमटीत कचकच लागते, नाहीतर पाणी घुसलं तर दुधासारखं होतं. मग त्याने दांडी काढून माझ्या बोटावर थेंब लावला. मऊ होतं, बोटं लांब केली तर धाग्यासारखं ताणलं जात होतं.

नऊ वर्षं लोकांच्या गाड्या चालवल्या मी. डिझेलच्याच. ऑईल कधी मी बदललं नाही, मालक बदलायचे, मी नुसतं माप बघायचो. पण माहिती नव्हतं म्हणून बोललो असं मला आता म्हणता येत नाही, कारण माहिती करून घ्यायला मला कुठे पाहिजे होतं, मला भाव पाडायला पाहिजे होता.

रात्री जेवताना मनाशी म्हणत होतो की सौदा म्हटला की एवढं चालतंच, सगळेच करतात, आणि माझं काय कमी गेलंय का. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट दोन्ही टाकावी लागली. मागच्या स्प्रिंगचा मेन पाटा चिरलेला निघाला. नोझल खोलून टेस्टिंगला दिले, चारपैकी दोन थेंब गाळत होते. किंगपिनचे बुश, ब्रेकचे लायनर, मागे दोन रिमोल्ड टायर, आणि हौद्याचा पत्रा, तो तर पूर्णच घालावा लागला कारण कापसाच्या गाठोड्याला खालचा पत्रा वर उचललेला असला तरी चालतो, मला भरायची केळी, तिला चालत नाही, खाली पाला कितीही अंथरा, एक रिव्हेट वर आलेला असला तरी घड घासून काळा पडतो आणि व्यापारी तेवढाच बोटाने दाखवतो. सगळं मिळून ७४,००० गेले आणि अजून पासिंग बाकी आहे, रेडियमच्या पट्ट्या बाकी आहेत, विमा बाकी आहे. सावद्याला केळीच्या कटाईवर मला दोन जणांनी विचारलं, आली का गाडी? आता मी त्या रस्त्याने जातच नाही. हातात काही नाही, दुसऱ्याची गाडी सोडून बसलोय, आणि वर हे.

हे सगळं मनात मोजून झालं तरी ती डीपस्टिक काही डोळ्यासमोरून हलली नाही. पाटा चिरलेला होता हे आबांना कदाचित माहितीही नसेल, वरून दिसत नाही ते. त्याचा हिशोब वेगळा. मी त्यांना खोटं ठरवलं ते ज्या एका गोष्टीवर ते खरं बोलत होते त्यावर.

आणि "सगळे असंच म्हणतात" हे वाक्य माझं नाहीच. ते मला कोणीतरी म्हटलेलं आहे. पावसाळ्यात रावेरहून केळीचा माल नेला होता, रात्रभर वीसच्या स्पीडने, खड्डा दिसला की पाय ब्रेकवर. उतरवताना घड काळे पडलेत म्हणून व्यापाऱ्याने भाड्यातून पैसे कापले, मी म्हणालो भाऊ मी जपून आणलेत. तेव्हा तो हेच म्हणाला होता. मी त्या दिवशी जेवलो नव्हतो.

विकायची ठरलेली गाडी. आबांचा पोरगा सुरतला, त्यांचे गुडघे गेलेले, क्लच दाबवत नाही म्हणून विकली. तिला नवं ऑईल, नवा फिल्टर कोण टाकतं? टाकला तरी त्याची तारीख झाकणावर कोण कोरतं, पुढचं ऑईल दुसराच कोणी बदलणार हे माहिती असताना? किल्ली देताना मला एवढंच म्हणाले होते, "तिले जपजो." मी "हो हो" म्हणालो, माझं लक्ष गाडीच्या पेपरवर होतं.

मिस्तरीने संध्याकाळी विचारलं, एवढं काम केलंय तर ऑईल काढून नवं टाकू का? रीडिंग बघितलं. अमळनेरहून इथपर्यंतचे शंभरेक किलोमीटर, बाकी गॅरेजमधलं चालू-बंद. म्हणालो राहू दे, चांगलं आहे. पेंटरला म्हणालो पेटी बाहेरून रंगव, झाकणाला आतून हात लावू नको. त्याने का म्हणून विचारलं, मी सांगितलं नाही.

रविवारी तसंही अमळनेरला जावं लागणार. गाडी नावावर करायच्या फॉर्म ३० वरची आबांची सही जुळत नाही म्हणून पेपर परत आलेत, हात थरथरतो त्यांचा. गेल्या आठवड्यात याच गोष्टीवरून मी एजंटवर ओरडलो होतो, आता वाटतंय बरं झालं, जायला कारण मिळालं. काय बोलणार ते ठरत नाहीये. ८,००० परत द्यावेत असं दहा वेळा मनात आलं, पण खिशात ३,२०० आहेत आणि वेल्डिंगवाल्याचे द्यायचेत. ते एकदम नाही जमणार, भाडं सुरू झालं की बघतो. पण ऑईल नवं होतं हे मला त्यांना सांगायचंय, आणि पुतण्यासमोर सांगायचंय, आत बोलावून नाही.

सही कुठे कुठे लागते तिथे पेन्सिलने फुल्या करून ठेवल्यात. मळ्यातून केळीच्या दोन फण्या आणल्यात, हिरव्या आहेत अजून. रविवारपर्यंत पिकतील म्हणून आत्ताच पोत्याखाली झाकून आलो.